दहा सेकंदांचा उजेड, तेराशे कोटी वर्षांची वाट

९ ऑक्टोबर २०२२. त्या दिवशी कोजागरी होती. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. चंद्र नुकताच वर आला होता आणि गच्च्यांवर आटवायच्या दुधाची पातेली अजून चुलीवर चढायची होती. नेमक्या त्याच वेळी मुंबईच्या जवळजवळ डोक्यावरून, शर तारकासमूहाच्या दिशेने, गॅमा किरणांचा एक लोंढा पृथ्वीवर येऊन आदळला. सुमारे १९० कोटी वर्षे तो वाटेत होता. माणसाच्या यंत्रांनी आजवर इतका तेजस्वी स्फोट टिपलेला नव्हता. दहा हजार वर्षांतून एखादाच असा येत असावा, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

गच्चीवरच्या कोणालाही काही जाणवले नाही. गॅमा किरण हवेचा जाड थर ओलांडून खाली येत नाहीत, आणि म्हणूनच आपण सुखरूप असतो. पण हवेच्या वरच्या टोकाला असलेले आयनांबर हलले आणि त्यावरून परावर्तित होणाऱ्या लांब पल्ल्याच्या रेडिओ लहरींत तो धक्का उमटला. फर्मी उपग्रहावरचे संवेदक इतके भारावून गेले की मुख्य झोताच्या वेळी त्यांची मोजणीच कोलमडली. स्विफ्ट नावाच्या दुसऱ्या उपग्रहाला तर पाऊण तासाहून अधिक वेळाने त्या जागी काहीतरी चमकताना दिसले. ती चमक इतकी प्रखर होती की हा आपल्याच आकाशगंगेतला एखादा उफाळलेला तारा असावा, असे आधी वाटले. जीआरबी २२१००९ए हे त्याचे नाव. या नावात कविता नाही, पण सोय आहे: जीआरबी म्हणजे गॅमा रे बर्स्ट, पुढे वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातला पहिला म्हणून ‘ए’.

हा स्फोट तुलनेने जवळचा होता. मला त्याहून जास्त ओढ वाटते ती दुसऱ्या टोकाच्या स्फोटांची. ते इतके दूर असतात की त्यांचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीही नव्हती आणि सूर्यही नव्हता. असे स्फोट काही सेकंदांत संपतात. जे दहा सेकंदांत संपते, त्याचा अभ्यास करायचा कसा? या प्रश्नाच्या उत्तरात माणसाच्या तत्परतेची जी गोष्ट दडलेली आहे, ती मला विज्ञानातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

त्यासाठी २३ एप्रिल २००९ या दिवशी जाऊ. भारतात दुपारचा दीड वाजत आला होता, चैत्रातली टळटळीत दुपार. हवाई बेटांवर मात्र आदल्या रात्रीचे दहा वाजायचे होते आणि मौना केआच्या शिखरावरच्या दुर्बिणी उघड्या होत्या. त्या क्षणी सुमारे ६०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या स्विफ्टच्या संवेदकांवर सिंह राशीच्या दिशेने गॅमा किरण पडू लागले. सगळा प्रकार सुमारे दहा सेकंद चालला.

इथे पहिली अडचण येते. गॅमा किरण आरशावरून परावर्तित होत नाहीत आणि भिंगाने एकवटत नाहीत. मग ते कोणत्या दिशेने आले हे कळायचे कसे? स्विफ्टने यासाठी जी युक्ती वापरली आहे, ती जुन्या वाड्यात राहिलेल्या माणसाला लगेच समजेल. जाळीच्या खिडकीतून ऊन आत येते तेव्हा जमिनीवर नक्षी उमटते. सूर्य सरकला की नक्षी सरकते. खिडकीकडे पाठ करून बसलेला माणूसही जमिनीवरची नक्षी पाहून सूर्य कुठे आहे ते सांगू शकतो. स्विफ्टच्या माथ्यावर शिशाच्या सुमारे ५२,००० छोट्या चौकोनी चकत्या बसवल्या आहेत. प्रत्येक चकती ५ मिलिमीटर बाजूची आणि १ मिलिमीटर जाडीची. त्या कुठे आहेत आणि कुठे नाहीत, याला कुठलाही ठरावीक क्रम नाही. खाली कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या स्फटिकाचे ३२,७६८ तुकडे पसरलेले आहेत. वरून गॅमा किरण आले की चकत्यांची सावली स्फटिकांवर पडते. नक्षी बेंगरूळ आहे, आणि तिची सारी ताकद त्या बेंगरूळपणात आहे. नियमित जाळी एक घर सरकली तरी तशीच दिसते. बेंगरूळ जाळीची सावली मात्र प्रत्येक दिशेला वेगळी पडते. उपग्रहावरचा संगणक ती सावली ओळखतो आणि दिशा काढतो. पौर्णिमेच्या चंद्राचे बिंब आकाशात जेवढे रुंद दिसते, त्याच्या साधारण दहाव्या भागाइतकी या दिशेतली चूक असते.

दिशा कळताच स्विफ्ट कोणालाही विचारत नाही. जमिनीवरच्या माणसाने हिरवा कंदील दाखवायचा, मग वळायचे, इतका वेळच नसतो. तो स्वतः वळतो. त्या दिवशी ७३ सेकंदांच्या आत त्याची क्ष-किरण दुर्बीण त्या जागेकडे रोखलेली होती. स्फोट विझला होता, पण मागे रेंगाळणारा उजेड तिथे होता. त्याला शास्त्रज्ञ आफ्टरग्लो म्हणतात. होळी विझल्यावर निखारे रात्रभर धगधगत राहावेत तसा हा उजेड आधी क्ष-किरणांत, मग दृश्य प्रकाशात, मग रेडिओ लहरींत उतरत जातो. आपल्याला या स्फोटांबद्दल जे काही ठाऊक आहे, त्यातले बहुतेक या निखाऱ्यांवरून कळलेले आहे.

स्विफ्टवर तिसरीही एक दुर्बीण आहे, अतिनील आणि दृश्य प्रकाशाची. तिने पाहिले तर तिथे काहीच नव्हते. क्ष-किरणांत ठिपका आहे आणि नेहमीच्या प्रकाशात अंधार, हे ऐकून एखाद्याला निराश व्हायला होईल. जाणकारांचे मात्र कान टवकारले. एक शक्यता अशी की मध्ये धुळीचा ढग आहे. दुसरी अशी की स्फोट कल्पनेपलीकडे दूर आहे.

तोपर्यंत बातमी जगभर पोहोचली होती. त्यासाठी एक खास जाळे आहे, त्याला जीसीएन म्हणतात. उपग्रहाने काढलेली जागा त्यावरून काही सेकंदांत वेधशाळांना आणि शास्त्रज्ञांच्या फोनवर जाते. ज्यांची दुर्बीण त्या वेळी रात्रीत असेल, ते ठरलेले काम बाजूला ठेवतात. मग एकेक गट आपले निरीक्षण त्याच जाळ्यावर चार ओळींत टाकत जातो: आम्ही पाहिले, दिसले, आम्ही पाहिले, नाही दिसले. या शोधात ‘नाही दिसले’ हेही तितकेच कामाचे असते.

मौना केआवरच्या ब्रिटिश अवरक्त दुर्बिणीने वीसेक मिनिटांत त्या जागी पाहिले. अवरक्त प्रकाशात तिथे ठिपका होता. शेजारच्या जेमिनी दुर्बिणीने वेगवेगळ्या गाळण्या लावून तोच ठिपका तपासला. सव्वा मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास तो स्पष्ट दिसत होता. गाळणी बदलून एका मायक्रॉनकडे गेल्यावर तो पार नाहीसा झाला. धूळ असती तर प्रकाश हळूहळू मंदावला असता. इथे तो सुरीने कापल्यासारखा तुटला होता.

हा काप कशाचा, ते समजून घेण्यासारखे आहे. विश्वात सगळीकडे हायड्रोजन आहे. साधा, विद्युतभार नसलेला हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश गिळतो. हा प्रकाश अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. पण विश्व प्रसरण पावत असते आणि त्यातून येणाऱ्या प्रकाशाची लहरही वाटेत ताणली जाते. या ताणाला ताम्रसृती म्हणतात. फार दुरून येणाऱ्या प्रकाशाची अतिनील बाजू वाटेतल्या हायड्रोजनने खाल्लेली असते आणि तो काप ताणून ताणून दृश्य प्रकाशाच्याही पुढे, अवरक्तात येऊन बसतो. २३ एप्रिलच्या स्फोटात काप सुमारे १,१२० नॅनोमीटरपाशी होता. १,१२० भागिले १२१.६ केले की ९.२ येते. लहर सव्वानऊपट ताणली गेली होती.

पुढच्या काही तासांत पृथ्वी फिरली आणि रात्र अटलांटिककडे सरकली. कॅनरी बेटांतल्या ला पाल्मावरील इटलीची गॅलिलिओ दुर्बीण आणि चिलीतली व्हीएलटी यांनी त्या मावळत्या ठिपक्याचा वर्णपट घेतला. त्यात ठळक रेषा एकही नव्हती, होता तो फक्त काप. पण काप नेमक्या जागी होता. ताम्रसृती ८.२ ठरली, कारण ताणाच्या पटीतून एक वजा केला की ताम्रसृतीचा आकडा मिळतो. प्रकाश निघाला तेव्हा विश्व सुमारे ६३ कोटी वर्षांचे होते. म्हणजे त्याने १३०० कोटी वर्षे प्रवास केला होता. त्या काळी माणसाने पाहिलेली ती सर्वांत दूरची वस्तू ठरली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या ताणामुळे लहर लांबते, त्याच ताणाने काळही लांबतो. आपल्याला तो स्फोट दहा सेकंदांचा दिसला. ज्या ताऱ्याच्या पोटात तो झाला, तिथे तो एका सेकंदाहून थोडा अधिक टिकला असणार. आणि निखारे विझायला तिथे एक तास लागला असेल, तर आपल्याला तो सव्वानऊ तास पाहायला मिळतो. स्फोट जितका दूर, तितका तो आपल्यासाठी जास्त वेळ थांबतो. दूरच्या स्फोटांचा अभ्यास मुळात शक्य होतो तो काही अंशी या सवलतीमुळे.

हे सगळे आज सरावाचे झाले आहे, पण पहिली तीस वर्षे कोणालाच हे स्फोट कुठे होतात ते ठाऊक नव्हते. १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी हवेत, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याचा करार केला. तो पाळला जातो की नाही, यावर पाळत ठेवायला अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह जोडीजोडीने सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक झटका टिपला. तो कुठल्याही अणुबॉम्बसारखा नव्हता. लॉस अलामॉस प्रयोगशाळेतले रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन जुन्या नोंदी चाळत बसले होते; एका उपग्रहाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशेजारी ठेवून ताडून पाहायचे काम. तेव्हा हा झटका त्यांच्या नजरेत आला. नंतरच्या अधिक चांगल्या वेला उपग्रहांवर एकच झटका वेगवेगळ्या क्षणी पोहोचलेला दिसू लागला. त्या सेकंदाच्या तुकड्याच्या फरकावरून दिशा काढता आली, आणि कळले की हे झटके पृथ्वीवरून येत नाहीत, सूर्यावरूनही नाही. १९७३ मध्ये त्यांनी इयान स्ट्राँग यांच्यासह अशा १६ स्फोटांची हकिगत प्रसिद्ध केली.

१९९१ मध्ये अवकाशात गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदले. आकाशाच्या नकाशावर ते ठिपके मांडले तर सगळीकडे सारखे पसरलेले. आपल्या आकाशगंगेतले असते तर तिच्या पट्ट्यात गर्दी दिसली असती. तरीही वाद मिटला नाही. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टनला बोहदान पाचिन्स्की आणि डोनाल्ड लॅम्ब यांचा जाहीर वाद झाला. पाचिन्स्की म्हणत, हे स्फोट विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यांतले आहेत. लॅम्ब म्हणत, ते आपल्या आकाशगंगेच्या वेशीवरचे आहेत. त्या दिवशी निकाल लागला नाही.

निकालाची सुरुवात झाली २८ फेब्रुवारी १९९७ रोजी. आपल्याकडे तो राष्ट्रीय विज्ञान दिन. इटली आणि नेदरलँड्सच्या बेपोसॅक्स उपग्रहाने त्या दिवशीच्या स्फोटामागे रेंगाळणारा क्ष-किरणांचा उजेड पहिल्यांदा पकडला, आणि ला पाल्मावरच्या दुर्बिणीने दृश्य प्रकाशातला. दोन महिन्यांनी, ८ मेच्या स्फोटानंतर, हवाईतल्या केक दुर्बिणीने वर्णपट घेतला. त्या गटात कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. वर्णपटातल्या लोखंडाच्या आणि मॅग्नेशियमच्या रेषांनी सांगितले की ताम्रसृती निदान ०.८३५ आहे, म्हणजे अंतर अब्जावधी प्रकाशवर्षांचे. वाद तिथेच संपला.

अंतर कळले तसा ऊर्जेचा आकडाही समोर आला. सूर्य आपल्या सगळ्या आयुष्यात, सुमारे १००० कोटी वर्षांत, जेवढी ऊर्जा बाहेर टाकेल, त्याहून अधिक ऊर्जा काही सेकंदांत, तीही एका अरुंद झोतात. दोन सेकंदांहून लांब चालणारे बहुतेक स्फोट प्रचंड ताऱ्यांच्या मरणातून होतात. ताऱ्याचा गाभा कोसळतो, कृष्णविवर तयार होते आणि त्याच्या ध्रुवांतून प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचलेला झोत ताऱ्याचे कवच फोडून बाहेर पडतो. २९ मार्च २००३ च्या स्फोटामागे सुपरनोव्हा उजळताना दिसला आणि हे पक्के झाले. आखूड स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून होतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींचा कंप आला आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले, तेव्हा त्याचा पुरावा हाती लागला. अलीकडे काही लांब स्फोटही टकरीतून झाल्याचे दिसले आहे. त्यामुळे ही दोन सेकंदांची सीमारेषा आता पूर्वीसारखी विश्वासाची राहिलेली नाही.

खोडदला गेलो होतो तेव्हा जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या एका तबकडीखाली उभा राहून वर पाहिले होते. ४५ मीटर व्यासाची तबकडी, आणि तिच्या आरपार आभाळ दिसते. पोलादी तारांची बारीक जाळी, दोरांवर ताणून बसवलेली. लांब रेडिओ लहरींना ती जाळी भिंतीसारखी वाटते, वारा मात्र तिच्यातून निघून जातो. अशा ३० तबकड्या नारायणगावच्या परिसरात २५ किलोमीटरवर पसरल्या आहेत. स्फोटाच्या निखाऱ्यांतला सर्वांत शेवटचा, सर्वांत लांब लहरींचा उजेड ऐकण्याचे काम त्यांचे. दृश्य प्रकाश विझल्यावरही रेडिओतला आवाज महिनोन्महिने टिकतो, आणि २००३ च्या त्या मार्चमधल्या स्फोटाचा माग जीएमआरटीने दीर्घकाळ ठेवला. झोत किती रुंद होता, सभोवताली वायू किती दाट होता, एकूण ऊर्जा किती, हे हिशेब या शेवटच्या पानाशिवाय पुरे होत नाहीत. २३ एप्रिल २००९ च्या स्फोटाचा रेडिओ उजेड अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीवर सापडला. तो शोधनिबंध पूनम चंद्रा यांच्या नावाने आहे, ज्या पुढे पुण्याच्या एनसीआरए या संस्थेत आल्या.

आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरही सावलीचीच युक्ती आहे, फक्त जाळी टँटलमची. त्यावरच्या सीझेडटीआय या उपकरणात १६,३८४ स्फटिक-घरे आहेत. २८ सप्टेंबर २०१५ रोजी उपग्रह अवकाशात गेला आणि ६ ऑक्टोबरला हे उपकरण सुरू झाले त्याच दिवशी त्याने एक स्फोट पकडला. या उपकरणाची माहिती पुण्याच्या आयुका या संस्थेत उलगडली जाते. २०२२ पर्यंत त्याने टिपलेले ५०० स्फोट झाले. त्याची खरी खासियत मात्र दुसरी आहे. गॅमा किरणाचा एक कण एका घरात धडकून शेजारच्या घरात उडाला, तर दोन्ही घरांत एकाच क्षणी नोंद होते. असे हजारो कण कोणत्या बाजूला जास्त उडतात ते मोजले की किरणांचे ध्रुवण, म्हणजे त्यांच्या लहरी कोणत्या दिशेत डुलतात ते, कळते, आणि त्यावरून झोतातले चुंबकीय क्षेत्र शिस्तीत आहे की विस्कटलेले, याचा अंदाज येतो. जे स्फोटाच्या त्या काही सेकंदांतच कळू शकते, नंतरच्या निखाऱ्यांत नाही, असे हे ज्ञान आहे.

दूरच्या स्फोटांसाठी इतका आटापिटा कशाला? २००९ चा तो स्फोट ज्या दीर्घिकेत झाला, ती शोधायला नंतर हबल दुर्बिणीने त्या जागी बराच वेळ टक लावून पाहिले. काही दिसले नाही. दीर्घिका तिथे असणारच, पण अब्जावधी प्रकाशवर्षांवरून दिसण्याइतका उजेड तिच्यात नाही. तिच्यातला एकच तारा मरताना तिच्यापेक्षा कितीतरी तेजाने चमकला, म्हणून ती होती हे आपल्याला कळले. विश्वात पहिले तारे बहुधा अशाच लहान, अंधूक दीर्घिकांत जन्मले. त्यांचा पत्ता सांगणारी दुसरी साधने फार थोडी आहेत. शिवाय हा उजेड आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या वायूतून येतो, आणि हायड्रोजन, लोखंड, सिलिकॉन जिथे असेल तिथे आपली खूण वर्णपटात सोडतो.

१४ मार्च २०२५ रोजी चीन आणि फ्रान्सच्या एसव्हीओएम उपग्रहाने पुन्हा असाच एक स्फोट टिपला, पुन्हा साधारण दहा सेकंदांचा. दीड तासात स्विफ्टने जागा नेमकी केली. अकरा तासांनी ला पाल्मावरच्या नॉर्डिक दुर्बिणीला अवरक्त ठिपका दिसला. आणखी चार तासांनी व्हीएलटीने सांगितले: ताम्रसृती सुमारे ७.३, विश्वाचे वय तेव्हा सुमारे ७३ कोटी वर्षे. यामागे सुपरनोव्हा असेल तर तो पाहायची संधी वेब अवकाश दुर्बिणीला होती, पण लगेच नाही. जवळचा सुपरनोव्हा साधारण दोन आठवड्यांत पूर्ण उजळतो. इथे काळ आठपटीहून अधिक ताणलेला होता, म्हणून आठवड्यांचे महिने झाले होते. साडेतीन महिने सगळे थांबले. १ जुलैला वेब तिकडे वळली आणि जिथे अपेक्षा होती तिथे उजेड होता. तो आपल्या शेजारच्या दीर्घिकांत दिसणाऱ्या सुपरनोव्हांसारखाच निघाला, जणू पहिल्या अब्ज वर्षांतले तारेही मरताना आजच्या ताऱ्यांपेक्षा फारसे वेगळे वागत नव्हते.